खिडकीची रचना आणि देवनागरी मजकूर

विद्यापीठाच्या एखाद्या विभागात प्रबंधांची नोंदवही संगणकावर आणावयाचे ठरले, की ते काम बहुधा पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याकडे येते. नोंदी साठविण्याचा भाग तो दोनचार दिवसांत पुरा करतो. मग उरते ती खिडकी, म्हणजे जीत विद्यार्थ्याचे नाव, प्रबंधाचे शीर्षक, मार्गदर्शक व वर्ष भरावयाचे आणि शेवटी ‘जतन करा’ हे बटण दाबावयाचे, ती पडद्यावरील चौकट. हा भाग वरवरचा, केवळ सजावटीचा समजला जातो आणि त्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. या समजुतीचे फळ लवकरच दिसू लागते. इंग्रजी लेबले असताना खिडकी नीट चालते. मराठी लेबले घातली की बटणांतील अक्षरे कापली जातात. ‘मोरे’ हे आडनाव ‘मार’ असे दिसते. आणि वर्षभराच्या नोंदींची यादी मागितली की खिडकी गोठून बसते. हे दोष परस्परांहून अगदी निराळे वाटतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. जे निर्णय टूलकिटकडे सोपवावयाचे असतात, ते आज्ञावलीच्या लेखकाने स्वतःच्या हाती ठेवलेले असतात.

टूलकिट म्हणजे बटण, लेबल, मजकुराची चौकट, यादी, सरकपट्टी अशा तयार घटकांचा संच होय. या घटकांना विजेट म्हणतात. अशा संचाची गरज का भासली हे पाहिले म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ साली एक्स विंडो या प्रणालीचा आरंभ झाला. तिच्या कर्त्यांनी बुद्ध्याच असे धोरण ठेवले की, पडद्यावर आयत उघडणे, रेघ ओढणे, अक्षर उमटविणे आणि कळ दाबल्याची वर्दी देणे एवढेच प्रणालीने करावे. बटण कसे दिसावे व कसे वागावे हे तिने ठरवू नये. या धोरणामुळे प्रणाली दीर्घायुषी ठरली हे खरे. परंतु तिच्यात ‘बटण’ ही वस्तूच मुळी नाही. माउसची कळ अमुक ठिकाणी दाबली गेली एवढे ती सांगते. ते ठिकाण एखाद्या बटणावर आहे की नाही, बटण दबलेले दिसावे की नाही, कळ सोडण्यापूर्वी माउस बाहेर सरकल्यास काय समजावे, हे सारे आज्ञावलीने पाहावयाचे. नुसते एक अभिवादन दाखविणारी खिडकी उघडण्यासही या पातळीवर बराच मजकूर लिहावा लागे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत संगणकशास्त्राचे अध्यापन करणारे जॉन ऑस्टरहाउट यांना हीच अडचण जाणवली. मंडलांची आखणी करणारी साधने त्यांच्या गटाने तयार केली होती, आणि त्या साधनांसाठी त्यांनी टिकल ही छोटी आज्ञाभाषा रचली होती. १९८७ साली ॲपलचे हायपरकार्ड बाहेर आले, तेव्हा लहान संशोधनगटांना अशा दर्जाच्या संवादी आज्ञावल्या यापुढे परवडणार कशा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. सुटे, पुनःपुन्हा वापरता येणारे घटक तयार करावेत आणि ते आज्ञाभाषेने जोडावेत, हे त्यांचे उत्तर. त्यातून १९८८ च्या अखेरीस टीके या टूलकिटचे काम सुरू झाले. अभिवादनाची खिडकी टीकेमध्ये एकदोन ओळींत उघडते. पायथन भाषेबरोबर टीकइंटर या नावाने जो विभाग येतो तो याच टूलकिटचा; म्हणून आपल्याकडील विद्यार्थ्यांची खिडक्यांशी पहिली गाठ बहुधा येथेच पडते.

पहिली अडचण येते ती आज्ञावलीच्या क्रमाविषयी. वर्गात शिकविल्या जाणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या वरून खाली वाहतात: नाव विचारावे, उत्तराची वाट पाहावी, मग शीर्षक विचारावे. येथे विचारणारी आज्ञावली आणि उत्तर देणारा माणूस असे नाते असते. खिडकीत ते उलटे होते. माणूस आधी वर्ष भरील, मग नाव, मध्येच दुसरी खिडकी पुढे आणील, काहीच न भरता ‘जतन करा’ दाबील. या साऱ्या शक्यतांचा क्रम आधी लिहून ठेवणे अशक्य आहे. म्हणून आज्ञावलीचा लेखक क्रम लिहीतच नाही. अमुक बटण दाबले गेल्यास अमुक कार्य करावे, एवढे तो टूलकिटला सांगून ठेवतो आणि शेवटच्या ओळीत नियंत्रण टूलकिटच्या हाती देतो. टीकइंटरमध्ये या ओळीचे नाव मेनलूप असे आहे, क्यूटीमध्ये एक्झेक.

या ओळीनंतर जे फिरत राहते त्यास घटनाचक्र म्हणता येईल. कार्यप्रणाली घडलेल्या घटना एका रांगेत मांडून ठेवते: कळ दाबली, माउस सरकला, खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडला, ठरविलेली वेळ झाली. घटनाचक्र रांगेतील एक घटना उचलते, ती कोणत्या विजेटची हे ठरविते, त्या विजेटसाठी नोंदविलेले कार्य करविते आणि ते संपल्यावर पुढील घटनेकडे वळते. संपल्यावर, या शब्दावर येथे सर्व भर आहे. चक्र एका वेळी एकच घटना हाताळते. ‘यादी छापा’ या बटणाचे कार्य ४० सेकंद चालले, तर त्या ४० सेकंदांत खिडकी पुन्हा रंगविण्याची घटनाही रांगेतच पडून राहते. खिडकीवरून दुसरी खिडकी सरकली तर तिचा ओरखडा तसाच राहू शकतो, ‘रद्द करा’ हे बटण दाबले तरी दबत नाही, आणि कार्यप्रणाली ती आज्ञावली प्रतिसाद देत नसल्याचे जाहीर करते. संगणक मंद आहे असा निष्कर्ष बघणारा काढतो. संगणक मंद नसतो. रांगेच्या तोंडाशी एक जण उभा राहून हलत नसतो, इतकेच.

किती विलंब चालतो याविषयी जेकब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा आजही वापरल्या जातात. ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आले तर ते तत्काळ आल्यासारखे वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही. १० सेकंदांपलीकडे माणसाचे लक्ष दुसरीकडे जाते. तेव्हा बटणाचे कार्य पहिल्या मर्यादेत संपणे इष्ट, आणि ते संपणारे नसेल तर त्याचे तुकडे पाडणे किंवा ते निराळ्या सूत्रावर पाठविणे भाग आहे. तुकडे पाडण्यासाठी टीकेमध्ये आफ्टर ही सोय आहे: पन्नास नोंदी तयार कराव्यात, पुढील पन्नासांसाठी काही मिलिसेकंदांनी आपल्यालाच परत बोलावण्याची व्यवस्था करावी आणि चक्र मोकळे सोडावे. निराळे सूत्र वापरताना एक पथ्य सांभाळावे लागते. त्या सूत्रातून विजेटला हात लावावयाचा नाही. निष्कर्ष मुख्य सूत्राकडे पोहोचवावयाचा आणि खिडकीतील बदल मुख्य सूत्रानेच करावयाचा. क्यूटी, जीटीके, जावाचे स्विंग या सर्वांत हा दंडक सारखाच आहे, आणि तो मोडणारी आज्ञावली दहा वेळा नीट चालून अकराव्या वेळी कोसळते. त्यामुळे दोष शोधणे फार कठीण जाते.

येथे एका सोप्या दिसणाऱ्या पळवाटेचा उल्लेख करावयास हवा. लांबलेल्या कार्याच्या मध्येच अपडेट ही आज्ञा घातली की टीके साचलेल्या घटना हाताळते आणि खिडकी जिवंत दिसू लागते. परंतु साचलेल्या घटनांत त्याच बटणावरची दुसरी दाबही असू शकते. मग पहिले कार्य अर्धवट असतानाच तेच कार्य पुन्हा आरंभ होते आणि एकच नोंद दोनदा लिहिली जाते. विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्यांत ही आज्ञा वारंवार आढळते. तिचा मोह टाळावा हे बरे.

दुसरा प्रश्न जागेचा. खिडकीत बटण कोठे असावे? डावीकडून १२० व वरून ८० बिंदूंवर, रुंदी ६०, उंची २०, असे उत्तर देणे सोपे असते, आणि माउसने ओढून खिडकी आखण्याची साधने पुष्कळदा हेच उत्तर लिहून ठेवतात. ‘सेव्ह’ या इंग्रजी शब्दाची चार रोमन अक्षरे ६० बिंदूंत मावतात. ‘जतन करा’ मावेलच असे नाही. रुंदीची ही अडचण जर्मन वा फिनिश भाषांनाही सोसावी लागते, म्हणून तिची चर्चा बरीच झाली आहे. देवनागरीची खरी कुचंबणा उंचीत आहे. रोमन लिपीत अक्षराचा बहुतेक अर्थ मधल्या पट्ट्यात असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार यांचा एक मजला आणि खाली उकारांचा दुसरा. रोमन अक्षरांसाठी मोजून घेतलेल्या २० बिंदूंच्या चौकटीत हे तिन्ही मजले बसत नाहीत, आणि जे कापले जाते ते सुशोभन नसते. वरचा मजला गेला की ‘मोरे’चे ‘मार’ होते आणि ‘केळकर’चे ‘कळकर’. खालचा गेला की ‘मुळे’ हे ‘मळे’ होतात. साठवलेली नोंद बरोबरच असते. पण ती पडद्यावर वाचून पडताळणारा लिपिक ती चूक समजून ‘दुरुस्त’ करतो, आणि मग चूक खरोखरीच नोंदवहीत शिरते.

टूलकिटचे उत्तर वेगळे आहे. लेखकाने स्थान सांगू नये, संबंध सांगावेत. हे लेबल त्या चौकटीच्या डावीकडे. ही चौकट उरलेली सर्व रुंदी घेणारी. ही दोन बटणे तळाशी, उजव्या बाजूस. आकार काढण्याचे काम दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत प्रत्येक विजेट आपल्या मजकुरास, चालू फॉन्टात, किती रुंदी-उंची लागते ते मोजून वरच्या चौकटीस कळविते. ती चौकट आपल्या सर्व घटकांच्या मागण्या एकत्र करून तिच्या वरच्या चौकटीस कळविते. असे करीत मागणी मुख्य खिडकीपर्यंत जाते. दुसऱ्या फेरीत प्रत्यक्ष उपलब्ध जागा वरून खाली वाटली जाते. एखाद्या एकत्र कुटुंबात दिवाळीच्या खर्चाच्या याद्या खालून वर जाव्यात आणि पैसा वरून खाली यावा, तसाच हा व्यवहार आहे. मजकूर मराठी झाला, फॉन्ट मोठा झाला, पडद्याची बिंदुघनता दुप्पट झाली, तरी मागणी नव्याने मोजली जाते आणि लेखकाला एक ओळही बदलावी लागत नाही.

टीकेमध्ये या कामासाठी पॅक, ग्रिड व प्लेस असे तीन व्यवस्थापक आहेत. प्लेस हा स्थान सांगण्याचाच मार्ग असून तो क्वचितच हवा असतो. पॅक घटकांना एकामागून एक कडेस लावीत जातो. नोंदवहीसारख्या खिडकीस ग्रिड, म्हणजे ओळी व स्तंभ, सर्वांत सोयीचे. ग्रिड वापरणाऱ्यास पहिल्याच दिवशी एक कोडे पडते. खिडकी ओढून मोठी केली तरी शीर्षकाची चौकट पूर्वीएवढीच राहते आणि बाजूला रिकामी जागा पडते. याचे कारण, प्रत्येक स्तंभास एक भार असतो आणि तो न सांगितल्यास ० धरला जातो. ज्याचा भार ० त्यास जास्तीच्या जागेतील वाटा मिळत नाही. शीर्षकाच्या स्तंभास १ हा भार द्यावा आणि ती चौकट आपल्या कोष्ठाच्या दोन्ही कडांस चिकटवावी, की कोडे सुटते. दुसरे कोडे अधिक मौजेचे आहे. एकाच चौकटीतील काही घटक पॅकने आणि काही ग्रिडने लावले, तर जुन्या आवृत्त्यांत खिडकी उघडतच नसे. एक व्यवस्थापक चौकटीचा आकार आपल्या हिशेबाने बदली; तो बदल पाहून दुसरा आपला हिशेब नव्याने करी; त्यावरून पुन्हा पहिला. हा तंटा अनंतकाळ चाले. ८.६ या आवृत्तीत टीके असा प्रयत्न होताच दोष दाखवून थांबते. निरनिराळ्या चौकटींत निरनिराळे व्यवस्थापक नेमण्यास मात्र काहीच हरकत नसते.

तिसरा प्रश्न अक्षरांचा, आणि मराठी वाचकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीची चिन्हे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात, दिसण्याच्या क्रमाने नव्हे. ‘कि’ लिहिताना आधी क व मग वेलांटी साठते. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडे उमटली पाहिजे. ‘स्त्री’ हे एकच अक्षर दिसते, पण ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा ६ चिन्हांचे असते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट प्रदेश. दोहोंतील भेद केवळ ‘र’ कोणत्या रूपाने य-ला जोडला जातो एवढ्यावर आहे, आणि मराठीने जपलेले हे दुसरे रूप हिंदीवर बेतलेल्या फॉन्टांत हमखास सापडेलच असे नाही. साठवलेल्या चिन्हांच्या मालिकेवरून दिसावयाच्या आकृती निवडणे व त्यांची जागा ठरविणे हे निराळे शास्त्रच आहे. फॉन्टच्या पोटातील कोष्टकांत कोणत्या चिन्हांच्या जागी कोणती जोडाकृती घ्यावयाची याचे नियम असतात, आणि ते नियम लागू करणारी यंत्रणा टूलकिटच्या तळाशी असावी लागते.

ती यंत्रणा नसते तेव्हा काय होते, याचे उदाहरण टीकेमध्येच सापडते. विंडोज व मॅकवर हे टूलकिट त्या त्या कार्यप्रणालीच्या अक्षरयंत्रणेचा आधार घेते, म्हणून मराठी मजकूर योग्य दिसतो. एक्स विंडोवर, म्हणजे लिनक्सच्या संगणकावर, ८.६ ही आवृत्ती प्रत्येक चिन्हास एक आकृती शोधते आणि त्या आकृती एकापुढे एक मांडते. वेलांटी क-च्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे सुटी होऊन हलन्त दिसू लागतात. टीकेने युनिकोडचा स्वीकार १९९९ साली, ८.१ या आवृत्तीत केला. पण चिन्हे साठविता येणे आणि ती लिपीच्या नियमाने लिहिता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ‘युनिकोड चालते’ या शब्दांत त्यांचा नेहमी घोळ होतो.

हा प्रश्न टूलकिटाच्याही खाली नेऊन सोडविण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे पूर्वीच झाला होता. कानपूरच्या आय.आय.टी.त उगम पावलेले आणि पुण्याच्या सी-डॅक या १९८८ साली स्थापन झालेल्या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्र संगणकात बसविण्याच्या एका कार्डाच्या रूपाने मिळे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतही त्यायोगे भारतीय लिप्यांचा मजकूर पडद्यावर येत असे. अक्षरजुळणीचा भार आज्ञावलीच्या लेखकावर पडू नये, हा त्यामागील विचार अचूक होता. पुढे खिडक्यांच्या युगात याच्या नेमका उलट मार्ग प्रचलित झाला. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीच्या आकृती बसविलेले फॉन्ट वापरात आले. टूलकिटाच्या समजुतीने तो मजकूर इंग्रजीच असे. दिसे मात्र मराठी. डोळ्यांचे समाधान झाले, पण शोध, अनुक्रम आणि दुसऱ्या फॉन्टात रूपांतर या तिन्ही बाबतींत तो मजकूर निरुपयोगी ठरला. अनेक कार्यालयांतील जुन्या नोंदी आजही त्या संकेतांत अडकून पडल्या आहेत.

या प्रश्नाचे अधिक टिकाऊ उत्तर जीटीकेच्या इतिहासात सापडते. बर्कली येथील स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प या चित्रसंपादनाच्या आज्ञावलीसाठी, मोटिफ हे टूलकिट सोडून, हे नवे टूलकिट रचले. २००२ साली निघालेल्या २.० या आवृत्तीत सर्व मजकूर रेखाटण्याचे काम पँगो या स्वतंत्र विभागाकडे सोपविण्यात आले. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे त्याचे नाव. आज त्याच्या पोटात अक्षरजुळणीचे काम हार्फबझ हा विभाग करतो, आणि क्यूटीही त्याचाच उपयोग करते. लेबलावर ‘दऱ्या’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास यांपैकी कशाचीही माहिती असण्याची गरज नाही. मजकूर विजेटच्या हवाली केला म्हणजे पुरे. मजकूर स्वतः एकेक चिन्ह मोजून कॅनव्हासवर रेखाटू लागणारा लेखक मात्र ही सारी सोय गमावतो.

अक्षरजुळणी बरोबर झाली तरी चौकटीतील लेखनाचे प्रश्न उरतात. बाणाची कळ दाबली की कर्सर ‘स्त्री’ संपूर्ण ओलांडतो, पण मागे पुसण्याची कळ बहुतेक टूलकिटांत शेवटचे एकच चिन्ह, म्हणजे वेलांटी, पुसते. चुकीची वेलांटी सुधारताना सबंध जोडाक्षर पुन्हा लिहावे लागू नये म्हणून हे योग्यच आहे. आज्ञावलीच्या लेखकाने नावाच्या चौकटीस ‘२० अक्षरे’ अशी मर्यादा घातली असेल, तर ती २० चिन्हांची मर्यादा असते. नाव एखाद्या हलन्तापाशी तुटून लटकते. अशी मर्यादा घालू नये हेच उत्तम.

राहिला भाषांतराचा भाग. खिडकीतील प्रत्येक वाक्य आज्ञावलीपासून वेगळे काढून भाषांतराच्या यादीत ठेवण्याची सोय जीटीकेच्या जगात गेटटेक्स्टने आणि क्यूटीमध्ये तिच्या स्वतःच्या साधनांनी होते. येथे इंग्रजीत विचार करणारा लेखक एक खोडी करून ठेवतो: संख्या, नाम आणि क्रियापद यांचे तुकडे जोडून तो वाक्य बनवितो. मराठीत ‘ग्रंथ काढला’, ‘नोंद काढली’, ‘पान काढले’. आणि अनेकवचनी ‘५ नोंदी काढल्या’. ‘काढले’ या एका तुकड्याने या सर्वांचे भागत नाही. वाक्य संपूर्ण ठेवावे, संख्येसाठी त्यात जागा सोडावी, एकवचन-अनेकवचनाची निरनिराळी वाक्ये यादीत द्यावीत. दोन्ही साधनांत त्याची तरतूद आहे. यादीत एकटा पडलेला ‘ओपन’ हा इंग्रजी शब्द ‘उघडा’ अशी आज्ञा की ‘उघडे’ ही स्थिती, हे भाषांतरकारास कळण्यासाठी संदर्भाची टीप जोडण्याची सोयही आहे, पण ती कोणी फारशी वापरीत नाही.

तेव्हा विभागाच्या नोंदवहीसाठी कोणते टूलकिट घ्यावे? सर्व संगणक विंडोजचे असतील तर टीकइंटरने काम भागते आणि शिकण्यासही ते सर्वांत हलके आहे. प्रयोगशाळेत लिनक्सचे संगणक असल्यास जीटीके किंवा क्यूटी घेणे भाग आहे. घटनाचक्र आणि जागेची वाटणी यांविषयी टीकेमध्ये शिकलेले सर्व तेथेही तसेच उपयोगी पडते. नावे तेवढी बदलतात. निवड करण्यापूर्वी एक लेबल, एक चौकट व एक बटण असलेली खिडकी लिहावी, तीत ‘मोरे’, ‘मुळे’, ‘स्त्री’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घालावेत, फॉन्ट दीडपट मोठा करावा आणि ज्या ज्या प्रणालीवर नोंदवही चालावयाची त्या प्रत्येकीवर ती उघडून पाहावी. या तपासणीस फार तर अर्धा तास लागतो, आणि ती नोंदी साठविण्याच्या भागाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी करावयाची असते.